पिचिंगचा स्पीड वाढवायचाय पण कोपर दुखतंय, काय चुकतंय?

कोथरूडचा_पिचर:
नमस्कार मंडळी, मी अकरावीत आहे, वय १६. दहावीपर्यंत क्रिकेटमध्ये फास्ट बॉलिंग करायचो, आता कॉलेजच्या बेसबॉल टीममध्ये सरांनी पिचर केलंय, म्हणजे बॅटरला बॉल टाकणारा. प्रॉब्लेम असा की इथे रन-अपच नाही, त्यामुळे बॉलला जोर येत नाही, मग मी सगळी ताकद हातातूनच लावतो आणि पन्नास-साठ बॉल झाले की कोपराच्या आतल्या बाजूला ठणकायला लागतं. काल सकाळी तर सॅक उचलताना कळ आली. मॅचेस जवळ आल्यात म्हणून रोज शंभर-सव्वाशे टाकतोय. स्पीड कसा वाढवू? प्लीज सांगा कोणीतरी.

टिळकरोड_जुना_खेळाडू:
अरे बाळा आधी बॉल टाकणं बंद कर, आजपासूनच, आणि स्पोर्ट्सवाल्या फिजिओला किंवा हाडांच्या डॉक्टरला कोपर दाखव. बाम चोळून जाणारं दुखणं नाहीये हे. आतल्या बाजूला जे लिगामेंट असतं ना, पिचरचा सगळा ताण त्याच्यावर येतो. अमेरिकेतला पिचर टॉमी जॉन, त्याचं तेच गेलं होतं, १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी ऑपरेशन केलं आणि १९७५ चा अख्खा सीझन त्याला बाहेर काढावा लागला. तुझ्या वयाला अमेरिकेत पिच स्मार्ट नावाची मार्गदर्शक मर्यादा आहे, दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिचेस (म्हणजे टाकलेले बॉल) आणि ७६ किंवा जास्त टाकलेस तर पुढचे ४ दिवस पूर्ण सुट्टी. तू रोज सव्वाशे टाकतोयस रे! आमच्या वेळी कोणी मोजायचंच नाही, माझा खांदा बाविसाव्या वर्षीच गेला, अजून पाऊस पडला की दुखतो, म्हणून एवढं कळकळीने सांगतोय.

कॅचर_ताई:
दादांनी सांगितलंय ते आधी कर. मग स्पीडचं बघू. मी पाच वर्षं कॅचिंग केलंय, म्हणजे समोर बसून पिचरचे बॉल झेललेत, क्रिकेटमधून आलेली पोरं समोरून लगेच ओळखू येतात. तिकडे कोपर १५ अंशांच्या वर सरळ झालं तर चकिंग, म्हणून तुमचा हात ताठ राहतो, इथे कोपर वाकवूनच टाकायचंय. आणि रन-अप नाही असं नको समजूस, माउंड, म्हणजे पिचर उभा राहतो तो मातीचा उंचवटा, १० इंच उंच असतो, त्या उतारावर मागच्या पायाने स्वतःला ढकलायचं, तोच तुझा रन-अप. पुढचं पाऊल साधारण तुझ्या उंचीएवढं लांब पडलं पाहिजे, थोडं कमी चालेल. पाऊल टेकलं की आधी कंबर फिरते, छाती मागे राहते, मग छाती येते आणि हात सगळ्यात शेवटी, ओल्या टॉवेलचा फटका मारतो तसा. तुझं कंबर आणि छाती एकदमच फिरत असणार, मग कोपर बिचारं एकटंच राबतं.

डॉक्टरने हो म्हटलं की टॉवेल ड्रिल कर. बॉलऐवजी हातात छोटा नॅपकिन, समोर भिडू ग्लोव्ह धरून उभा, नॅपकिनचं टोक ग्लोव्हला लागलं पाहिजे. पाऊल आखूड पडलं की लागतच नाही. तोपर्यंत पायांचं काम कर, पर्वतीच्या पायऱ्या आहेतच.

भालाफेक_सिंहगडरोड:
ताईंचं एकदम बरोबर. रिंकू सिंग (क्रिकेटवाला नाही हां) आणि दिनेश पटेल दोघं भालाफेकवाले होते, २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकेतल्या बेसबॉल टीमने पिचर म्हणून घेतले त्यांना. भाल्यात पण पाय आणि कंबर आधी, हात नंतर.

कोथरूडचा_पिचर:
थँक्यू सगळ्यांना. फिजिओकडे जाऊन आलो, तीन आठवडे थ्रो पूर्ण बंद, नंतर हळूहळू. सरांना सांगायची भीती वाटत होती पण ते काहीच बोलले नाहीत, उलट स्कोअरशीटवर पिचेस मोजायला एकाला बसवलं. नुसतं पाऊल टाकून गच्चीवर खडूने खूण केली, माझी उंची ५ फूट ८ आणि पाऊल पडतंय साडेतीन फुटांवर. ताई, लांब टाकायला गेलो की तोल डावीकडे जातो, त्याला काय करू?