विषय: गणपतीतल्या वक्तृत्व स्पर्धेबद्दल, पुण्याहून

सप्रेम नमस्कार मंडळी,

आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे तीन महिने पुण्यातच आहे, म्हणून तिकडे जर्मनीत आपल्या मंडळाच्या बैठकांना नव्हते. स्पर्धांची यादी परवा वाचली. मोठ्या मुलांच्या वक्तृत्वाबद्दल मनात आहे ते सविस्तर लिहिते.

माझी भाची अकरावीला आहे, विज्ञान शाखेत. दिवसभर कॉलेज आणि क्लास, आणि रात्री जेवण झालं की ती आणि तिच्या दोन मैत्रिणी आमच्या बैठकीत तत्त्वज्ञानाचे निबंध लिहायला बसतात. कारण आंतरराष्ट्रीय तत्त्वज्ञान ऑलिंपियाड. मलाही हे नवीनच होतं. १९९३ साली सोफिया विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाच्या पुढाकाराने बल्गेरियात ही स्पर्धा सुरू झाली. कॉलेजात जाण्याआधीच्या वयाची मुलं, प्रत्येक देशाची दोन. समोर तत्त्वज्ञांची चार अवतरणं ठेवतात. त्यातलं एक निवडायचं आणि चार तासांत निबंध लिहायचा. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन किंवा स्पॅनिश यांपैकी एका भाषेत, पण स्वतःच्या मातृभाषेत नाही. परीक्षक पाहतात की निबंध विषयाला धरून आहे का, विषय तत्त्वज्ञानाच्या अंगाने समजलाय का, युक्तिवाद पटतो का, मांडणी सुसंगत आहे का आणि विचार मुलाचा स्वतःचा आहे का. पाठांतराला त्यात कुठेच जागा नाही.

भाचीचा पहिला निबंध मी वाचला. अडीच पानांत नऊ थोर माणसं आणि तिचं स्वतःचं एकही वाक्य नाही. ही मुलगी शाळेत असताना वक्तृत्वाच्या ढाली जिंकून आणायची, आणि तिथे आपण तिला हेच शिकवलं: सुविचाराने सुरुवात, मध्ये एक कविता, शेवटी आवाज चढवायचा. त्या रात्री मला फार वाईट वाटलं. दोष तिचा नव्हता.

मग आम्ही एक केलं. विषय जर्मन तत्त्वज्ञ कांटचा घेतला. १७९७ च्या एका निबंधात कांट म्हणतो की खुनी माणूस दारात येऊन तुमचा मित्र घरात आहे का असं विचारत असेल, तरी खोटं बोलायचं नाही. तिन्ही मुली एका आवाजात म्हणाल्या, हा वेडेपणा आहे. मी म्हटलं, असेल, पण आज फक्त कांटची बाजू मांडायची, आणि अशी की तो स्वतः ऐकत असता तर म्हणाला असता, हो, मला हेच म्हणायचं होतं. दोन रात्री गेल्या. तिसऱ्या रात्री भाची म्हणाली, "मावशी, तो मित्राबद्दल बोलतच नाहीये. तो म्हणतोय, माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवता येतो म्हणून करार होतात, वचनं देता येतात. मी एकदा खोटं बोलले तर त्या सगळ्यालाच धक्का लावते."

तिथून गाडी थेट कुरुक्षेत्रावर गेली. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरंच मेला होता. म्हणजे धर्मराजाचं वाक्य खरं होतं. तरी जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. 'नरो वा कुंजरो वा' आपण रोज म्हणतो, पण त्यातला प्रश्न या मुलींनी माझ्यासमोर उकलला: वाक्य खरं आणि हेतू फसवण्याचा, तर खोटेपणा राहतो कुठे, शब्दांत की ऐकणाऱ्याच्या मनात जे उभं केलं त्यात? आणि खोटेपणा ऐकणाऱ्याच्या मनात राहत असेल, तर दारातल्या खुन्याला नुसतं गोलमोल उत्तर देणं तरी कांटला चालेल का? रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आई आतून हाका मारत होती, झोपा आता. कोणी उठायला तयार नव्हतं.

हे सगळं मराठीत चाललं होतं. निबंध नंतर इंग्रजीत लिहिला गेला, आणि त्यात फक्त एक कांट आणि एक धर्मराज होता.

आपल्याकडे याला पूर्वपक्ष म्हणतात. समोरच्याचं म्हणणं आधी पूर्ण ताकदीने मांडायचं, मगच उत्तर द्यायचं. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार दिले आहेत. सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याचं फक्त पाडायचं ती वितंडा. आपण बक्षिसं देतो ती बहुतेक वेळा जल्पाला. माझी कळकळीची विनंती आहे, यंदा चौदा ते अठरा वयोगटाचं वक्तृत्व बंद करून हे सुरू करा.

तुमची,
अनघा

*

अनघाताई, नमस्कार.

मेल दोनदा वाचली. बायकोलाही वाचून दाखवली.

मला दोन अडचणी दिसतात. इथे जन्मलेली आपली मुलं मराठी बोलतात, पण लिहीत नाहीत. माझा मुलगा आजीला मेसेज करतो तोही रोमन अक्षरांत. त्याला मराठीत निबंध लिही म्हटलं तर तो गणपतीलाच येणार नाही. दुसरं, परीक्षक कोण? वक्तृत्वात निदान कोण चांगलं बोललं ते सगळ्यांना कळतं.

पण ऑलिंपियाडचा भाषेचा नियम वाचून थांबलो. म्हणजे जर्मनीत वाढलेल्या मुलाला तिथे जर्मनमध्ये लिहिता येणार नाही आणि पुण्याच्या मुलीला मराठीत. सगळेच परक्या भाषेत. आपली मुलं तर दोन वर्षांची असल्यापासून हेच करत आली आहेत: विचार एका भाषेत, उत्तर दुसरीत. आपण आजवर ते त्यांचं उणं समजत होतो.

मुलाला खुन्याचा प्रश्न जेवताना विचारला. तो म्हणाला, कांट शाळेत एथिकच्या, म्हणजे नीतिशास्त्राच्या तासाला झालाय. धर्मराज त्याला माहीत नव्हता. मग मी सांगितला, मराठीत. पाऊण तास गेला. माझ्याशी इतका वेळ मराठीत तो शेवटचं कधी बोलला होता, आठवत नाही.

तरी वक्तृत्व एकदम बंद नको. काही मुलं दोन महिन्यांपासून तयारी करतात.

महेश

*

महेश, तुझ्या मुलाचं वाचून फार आनंद झाला.

वक्तृत्व राहू दे, तुझं पटलं. मुलांची तयारी वाया घालवणं बरोबर नाही. हे त्याच्या शेजारी वेगळं ठेवू. आधी तासभर मराठीत चर्चा, तीन-चार जणांचे गट. मग दीड तास लेखन, ज्या भाषेत हात चालतो त्या भाषेत. एकच अट: पहिलं पान समोरच्या बाजूचं.

परीक्षकांसाठी वर लिहिलेले पाच निकष पुरतात. निबंधावर नाव नको, फक्त क्रमांक, म्हणजे कोणाचं मूल आहे हा प्रश्नच येणार नाही. शिवाय महाराष्ट्र बोर्डात अकरावी-बारावीला तर्कशास्त्र हा विषय आहे. आपल्या मंडळात तो शिकलेली माणसं नक्की असतील. हे वाचत असाल तर कृपया हात वर करा.

मराठी शब्द अडतील. आमचेही अडले. भाचीला हेतू आणि परिणाम यांतला फरक बोलून दाखवता येत होता, पण नेमके शब्द सापडेनात. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश इथूनच, पुण्यातून १९७४ साली निघाला. त्याचे खंड आम्ही ग्रंथालयात बसून चाळले. मुलींनी पन्नासेक शब्द वहीत उतरवून घेतले आहेत. ती पानं स्कॅन करून या मेलला जोडते आहे. अक्षर भाचीचं आहे, दोन ठिकाणी शाई फुटली आहे.

अवतरणं चार लागतील. एक कांटचं घेऊ. बाकीची तीन तुम्ही सुचवा, आणि त्यातलं एक तरी आपल्या संतांचं असावं असं मला वाटतं, पण ते ज्याच्याशी मुलांना भांडता येईल असं हवं. नुसती मान डोलवावी असं नको.

आई आता काठी घेऊन गच्चीपर्यंत जाते. पुढच्या महिन्यात परत येते आहे.

अनघा