मदतनिधीसाठी अर्ज आणि शिफारस मागणे ख्रिस्ती नीतीला धरून आहे का?

खजिनदार_नगर:
सर्वांस सलाम. नगर जिल्ह्यातील एका लहान मंडळीचा (चर्चचा) मी गेली चार वर्षे खजिनदार आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुसऱ्यांदा फिरणाऱ्या थैलीतील रक्कम आम्ही गरजूंसाठी वेगळी ठेवतो. मागच्या वर्षी एका गृहस्थाने औषधांचे एकच बिल दाखवून दोन मंडळ्यांकडून पैसे घेतल्याचे उघडकीस आले, आणि तेव्हापासून पंच कमिटीने छापील अर्ज, रेशनकार्डाची प्रत व दोन सभासदांची शिफारस सक्तीची केली. गेल्या रविवारी उपासनेनंतर एक वृद्ध विधवा अर्ज घेऊन शेवटच्या बाकाशी उभ्या होत्या. अंगठ्याची निळी शाई पदराला लागली होती आणि शिफारशीच्या दोन्ही ओळी कोऱ्या होत्या, कारण सही कोणाकडे मागायची याचीच त्यांना लाज वाटत होती. नियमाप्रमाणे मी अर्ज परत केला. त्या रात्री मला जेवण गेले नाही. कमिटीतील काही जण बायबलमधील प्रेषित पौलाचे वचन पुढे करतात, की ज्याला काम करण्याची इच्छा नाही त्याने खाऊही नये. अशी पारख करण्याचा आपल्याला अधिकार आहे का?

मिशन_कंपाउंड:
ते वचन थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे, आणि त्यातला ‘इच्छा’ हा शब्द वगळून ते वापरण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. पौलाचा रोख धडधाकट असून दुसऱ्यांच्या घरात लुडबुड करीत हिंडणाऱ्यांवर आहे. शिवाय तीनच ओवींनंतर तो बाकीच्यांना सांगतो, की बरे करताना तुम्ही खचू नका. हे वचन आमच्या उपदेशांत क्वचितच ऐकू येते! पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला आणल्या, तेव्हा आधी त्यांना खाऊ घातले आणि शेती, विणकाम, छापखाना हे सारे मागाहून शिकवले. तुमची विधवा तर त्या वचनाच्या कक्षेतच येत नाही.

जुना_हिशेबनीस:
भावना समजते, तरी कमिटीची बाजू अगदीच हलकी समजू नका. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात विधवांची चक्क यादी आहे आणि तिला साठ वर्षांची अटही आहे. ज्यांना मुले-नातवंडे आहेत त्यांचा भार आधी घरच्यांनी उचलावा आणि मंडळीवर टाकू नये, असेही तिथेच म्हटले आहे. ‘डिडाखे’ या आरंभीच्या ख्रिस्ती लेखनात मागणाऱ्या प्रत्येकाला देण्याची आज्ञा आहे, आणि लगेच पुढे, कोणाला द्यायचे ते कळेपर्यंत दान तुझ्या तळहातात घामेजू दे, असाही सल्ला आहे. थैलीत पडणारी दहाची नोट बहुधा रोजंदारीवर जाणाऱ्याच्या खिशातली असते, तेव्हा हिशेब हीसुद्धा सेवाच समजावी. माझा आक्षेप यादीला नाही, यादी करणाऱ्यांच्या नजरेला आहे. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपात वगळल्या जात होत्या, आणि त्यावर प्रेषितांनी वाटप बंद केले नाही. त्या कामासाठी सात माणसे नेमली.

वसईकर:
आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) गरिबांना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद दोघे-दोघे मिळून घरी जातात. १८३३ साली पॅरिसमध्ये ही संस्था सुरू झाली तेव्हापासून तिच्या कामाचा कणा हाच आहे. चुलीवर काय आहे आणि औषधाची बाटली किती दिवसांची आहे, हे घरात पाच मिनिटे बसले की कळते. त्यासाठी कोणाला दारात उभे करावे लागत नाही. फसवणुकीबद्दल म्हणाल, तर आरंभीच्या काळातील धर्मोपदेशक संत जॉन क्रिसोस्टोम यांनी दान देणाऱ्याला बंदराची उपमा दिली आहे: जहाज फुटलेला माणूस भला की बुरा, हे बंदर विचारीत नाही. मात्र दोन मंडळ्यांच्या खजिनदारांनी महिन्यातून एकदा फोनवर नावे ताडून पाहायला कोणाची हरकत आहे? तो त्रास तुम्ही सोसावा, अर्जदाराने नव्हे.

खजिनदार_नगर:
सर्वांचे आभार. काल सेक्रेटरींना सोबत घेऊन त्या बाईंकडे जाऊन आलो. त्यांनी आम्हाला चहा दिला, बिनदुधाचा. शिफारशीच्या दोन ओळींवर आम्हा दोघांच्याच सह्या झाल्या आणि नियमही पाळला गेला. शिफारस अर्जदाराने आणायची, की कमिटीने घरी जाऊन द्यायची, हा मुद्दा येत्या बैठकीत मांडतो आहे. विरोध होईल असे दिसते, कारण घरी जाण्यासाठी रविवारची दुपार मोडावी लागेल.