अनुभव धागा: किनारा साफ करताना तुमच्या हाताला काय काय लागलं?

रेतीबंदर
आज सकाळी ओहोटीला माहीमच्या रेतीबंदरावर गेले होते. पाण्याच्या कडेला एक चिमुरडी ओल्या वाळूत बोटानं घर काढत बसली होती. पाय तिथेच थांबले. २०१७ साली याच जागी मी पहिल्यांदा हातमोजे घालून उभी राहिले, तेव्हा वाळू दिसतच नव्हती.

वर पिशव्या, थर्माकोल, रबरी चपला. ते उचललं की खाली कापड. साड्या, गोधड्या, चादरी, इतक्या रुतलेल्या की एक टोक धरून तिघांनी ओढलं तरी हलायचं नाही. माझा पहिला अख्खा रविवार एका साडीत गेला. हिरवी नऊवारी होती, काठ अजून शाबूत. कुणाची असेल, हा विचार आजही जात नाही.

मिठी नदी इथेच समुद्राला मिळते. पवई-विहारच्या सांडव्यापासून जेमतेम अठरा किलोमीटर, पण वाटेतल्या सगळ्या वस्त्यांचं, कारखान्यांचं, गोठ्यांचं पोटात घेऊन येते. माझे वडील याच पाण्यात पोहायला शिकले होते. शेवटच्या दुखण्यात त्यांना मी मोबाईलवर साफ केलेल्या पट्ट्याचा फोटो दाखवला, तर म्हणाले, "पाणी दाखव." पाण्याचा फोटो मी काढलाच नव्हता.

तुम्ही कुठे, कधी हात घातलात? सुचेल ते लिहा.

चिंबोरी
आम्ही कोळीवाड्यातलेच. डोल, म्हणजे आमची जाळी, ओढताना जड लागायची, वाटायचं आज मासळी आहे. वर आली की पिशव्याच पिशव्या. निवडायला अर्धा तास लागायचा तिथे दोन तास, तोवर मासळी नरम.

एक खरं सांगते. बाहेरची माणसं साफसफाईला आली तेव्हा सुरुवातीला आम्ही नुसते दारात उभे राहून बघायचो. मनात राग होता. कचरा येतो नदीतून आणि फोटोत दिसते आमची वस्ती. मग एकदा एक बाई आईकडे पाणी मागायला आल्या, आईने बसवलं, चहा दिला. पुढच्या रविवारी आई स्वतःच फावडं घेऊन गेली. मला म्हणाली, घर आपलं आणि झाडतात परके, बरं दिसतं का.

मुलुंडची_मावशी
चिंबोरी, तुमच्याकडे चिखलातल्या निवट्या मासोळ्या मिळतात का अजून? माझी आत्या खाडीच्या चिखलात हाताने धरायची.

चिंबोरी
मावशी, आजी धरायची. आता त्या चिखलात हात घालायला मीच कुणाला देणार नाही. काचा असतात, सुया असतात.

वर्सोवा_लोकल
मी वर्सोव्याची. ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह आणि त्यांचे चौऱ्याऐंशी वर्षांचे शेजारी हरबंश माथूर, अशा दोघांनी इथला किनारा साफ करायला सुरुवात केली. मी बरीच उशिरा गेले, नवऱ्याने ढकललं म्हणून. पण गेले ती गेलेच.

मार्च २०१८ मध्ये सकाळी मैत्रिणीचा फोन, "लवकर ये, कासवाची पिल्लं!" ऑलिव्ह रिडले. धावत पोचले तोवर सगळी पाण्यात गेली होती. वाळूवर नुसत्या बारीक रेघा, वल्ह्यांसारख्या दोन्ही बाजूंनी. मी त्या रेघांच्या शेजारी बसून रडले. ज्या वाळूत आम्ही गुडघ्यापर्यंत प्लास्टिक तुडवलं होतं त्याच वाळूत कुणी मादी येऊन अंडी घालून गेली होती आणि आम्हाला पत्ताही नव्हता.

घमेलं
वाचताना काटा आला.
आमचा अनुभव वेगळा. सकाळभर खपून पोती भरली, बांधली, रांगेत लावली. न्यायला गाडी येणार होती, आली नाही. दुपारची भरती आली आणि डोळ्यांदेखत एकेक पोतं उचलून घेऊन गेली. सोबत कॉलेजची पोरं होती. त्यातली एक मुलगी कमरेपर्यंत पाण्यात शिरली पोतं धरायला, ओरडून बाहेर काढली तिला. तेव्हापासून आमचा नियम: गाडी समोर उभी राहिल्याशिवाय पहिलं पोतं भरायचं नाही.

तिवर
ठाणे खाडी. इथे किनारा नाही, तिवरं आहेत, म्हणजे खारफुटीची झाडं. चिखलातून वर आलेली मुळं ओहोटीच्या वेळी श्वास घेतात, आणि नेमका त्यांच्यावरच पिशव्यांचा थर. नवीन माणूस येतो, जोर लावून पिशवी ओढतो, मूळच मोडतं. ओढू नका हो, कापा. २०२० मध्ये पांढरी चिप्पी राज्याचा कांदळवन वृक्ष झाली तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. झाडाला काय कळणार, पण आम्हाला बरं वाटलं.

मुलुंडची_मावशी
किती छान लिहिताय सगळे. कुकर लावून आले, परत वाचते.

क्विन्सीकर
बॉस्टनजवळ राहतो. इथली खाडीही एकेकाळी अशीच होती. १९८२ मध्ये आमच्या क्विन्सी शहराचा सरकारी वकील समुद्रकाठी धावायला गेला, पाय मैल्यात पडला. शहराने थेट दावा ठोकला. त्यातून पुढे डिअर आयलंडवर मोठं शुद्धीकरण केंद्र उभं राहिलं आणि २००० पासून प्रक्रिया केलेलं पाणी पंधरा किलोमीटर लांब बोगद्यातून बाहेर खोल समुद्रात सोडतात. आता माझी मुलं त्याच किनाऱ्यावर डुंबतात. मी मूळचा माहीमचा, त्यामुळे प्रत्येक वेळी पोटात तुटतं. वाळू हातांनी साफ होते, पाणी मात्र नळीच्या दुसऱ्या टोकालाच साफ करावं लागतं. रेतीबंदर, तुमच्या वडिलांनी बरोबर तेच विचारलं.

रेतीबंदर
क्विन्सीकर, हे वाचून खूप वेळ नुसती बसून राहिले.

घमेलं
बरोबर आहे, पण दर रविवारी येणारी माणसंच उद्या नदीसाठी दाद मागतील. २६ जुलै २००५ ला ९४४ मिलिमीटर पावसात मिठी घरात शिरली, तेव्हा तिला नदी म्हणतात हे आमच्या इमारतीत निम्म्या लोकांना पहिल्यांदा कळलं.

निर्माल्य
अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी दादरला जातो, वडिलांसोबत. प्लास्टरचे हात, सोंड, अर्धा मुकुट. वडील प्रत्येक तुकडा आधी कपाळाला लावतात, मग घमेल्यात. पहिल्या वर्षी ते एक शब्द बोलले नाहीत. घरी येऊन आईला म्हणाले, पुढच्या वर्षी शाडूची आणि बादलीत. तेव्हापासून तसंच. तेच पाणी तुळशीला घालतो.

वर्सोवा_लोकल
निर्माल्य, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

मुलुंडची_मावशी
आले परत. निवट्या राखेने आणि मिठाने चोळून धुवायच्या, मग भरपूर लसूण आणि चिंचेचा कोळ. आत्याची पद्धत. चिंबोरी, आईंना विचारा त्या कशा करतात.
आणि रविवारी मी येऊ शकते का? वय चौसष्ट, गुडघा थोडा दुखतो.

रेतीबंदर
मावशी, नक्की या. वाकायला लावणार नाही, तुम्ही पोत्यांची तोंडं धरा. माहीमला उतरून पश्चिमेला या, मी स्टेशनवर घ्यायला येते. दुपारी भरती आहे म्हणून साडेसातलाच सुरू करतोय. बंद बूट हवेत, चप्पल नको.

चिंबोरी
चहा आमच्याकडे. आई म्हणते निवट्यांचं तुम्ही आलात की समोरासमोर बोलू.

तिवर
मीही येतो या वेळी. काय आणू?

रेतीबंदर
कोयता. कापडाला लागतो.