अनुभव धागा: सरकारचा हात आखडला, तेव्हा तुमच्या घरात काय काय बदललं?

लाडकी बहीण बंद होणार का, कुणाचं नाव कटलं, २१०० कधी देणार, यावर एवढी चर्चा चाललीय की बाकी काय काय गुपचूप बंद झालं ते कुणाच्या गावीही नाही. म्हणून हा धागा काढतेय. मला असं दिसतंय की कपात कधीच "कपात" म्हणून येत नाही. ती केवायसी म्हणून येते, "अनुदान अजून वर्ग झालं नाही" म्हणून येते, "लोकसहभागातून करावे" म्हणून येते, आणि मग राहिलेला खड्डा घरातली नाहीतर गावातली कुठलीतरी बाई भरत बसते. आकडे पेपरात येतात, त्यामुळे इथे आकडे नकोत असं नाही, पण आधी स्वतःचं सांगा. काय बंद झालं, किंवा उशिरा यायला लागलं, आणि ते कोणी निभावलं? पक्षांची भांडणं कृपया दुसरीकडे. शाळेचं, दवाखान्याचं, गावाचं नाव लिहू नका, उगाच कुणाच्या नोकरीवर यायला नको.

जि.प. शाळेतला शिक्षक

माझ्याकडे अंड्याची गोष्ट आहे. २०२३ च्या शेवटी पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं आणि त्या दिवशीची हजेरी बघण्यासारखी असायची, कधी न येणारी पोरंसुद्धा वेळेत हजर. मग जानेवारी २०२५ ला आदेश आला की अंडा पुलाव आणि गोडाचे पदार्थ ऐच्छिक, त्याला वेगळा निधी नाही, शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून सोय बघावी. आता आमच्याकडे लोक म्हणजे कोण? अर्धे पालक दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, मागे राहतात आज्या. त्यांच्याकडून कसली वर्गणी मागायची? काही आठवडे आम्ही शिक्षकांनीच खिशातून घातले. मग कुणीतरी सुचवलं की ज्याचा वाढदिवस त्याच्या घरून अंडी, आणि ते चाललंही थोडे दिवस. एक तिसरीतली मुलगी, कधी दांडी न मारणारी, नेमकी तिच्या वाढदिवसाला आली नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणे पोटात दुखत होतं. त्याच दिवशी आम्ही ती प्रथा बंद केली. सध्या अंडं नाही.

स्वयंपाकी ताईंची मुलगी

वरच्या सरांच्या शाळेसारख्याच एका शाळेत माझी आई खिचडी शिजवते. तिला मानधन २५०० रुपये महिना, २०२३ च्या आधी १५०० होतं. यात केंद्राचा वाटा ६०० रुपये आहे आणि तो २००९ पासून ६०० च आहे, तेव्हा मी बालवाडीत होते आणि आता माझं बीए संपत आलंय. तेही वर्षाचे दहाच महिने, मे महिन्यात बहुतेक स्वयंपाकी बाईला भूक लागत नसावी.

पण मला पगाराचं नाही सांगायचं. तांदूळ वरून येतो, पण भाजी, तेल, मीठ, गॅस याचे पैसे मागून येतात, आणि ते रखडले की मुख्याध्यापक म्हणतात, "बाई बघा जरा काहीतरी." आई बघते. शेवग्याच्या शेंगा आमच्या परसातल्या, कोथिंबीर चुलतीकडची, टाकी संपली की जळण आमच्याच शेतातलं. वाण्याच्या वहीत तेल, तिखट, जिरं सगळं लिहिलेलं असतं आणि त्या पानावर शाळेचं नाव नाहीये, आईचं नाव आहे. पैसे आल्यावर शाळा देते, बुडवत नाही, पण तोपर्यंत वाणी आईला आमच्या घरचा किराणा देताना तोंड वाकडं करतो.

वाशिमकडची

आमचं केशरी कार्ड, शेतकरी गटातलं. २०२३ च्या जानेवारीपासून आमच्यासारख्या १४ जिल्ह्यातल्या केशरीवाल्या शेतकऱ्यांचं धान्य बंद केलं न सांगितलं का माणशी १५० रुपये खात्यात टाकतो. मंग त्याचे १७० केले. आता हिशोब आयका. घरात पाच खाणारे, माणशी पाच किलो म्हणजे पंचवीस किलो, गहू दोन रुपयानं न तांदूळ तीन रुपयानं, साठ-सत्तर रुपयात झोऱ्या भरून घरी. आता साडेआठशे येतात, तेवढ्यात दुकानात पंचवीस किलो येते का? येईनही ओढून ताणून, पण महिन्याच्या महिन्याले आले तं! येतात तीन-चार महिन्याचे एकदम, न कवा आले ते बी माहीत नाही पडत, बँकेत जाऊन छापून घ्या तवा समजते.

अन् मेन गोष्ट सांगू का. गहू घरात होता तं घरात होता. त्याचं मी पीठच करणार, दुसरं काय करणार. पैसे खात्यात आले का मालक म्हणते फवारणीचं औषध राह्यलं, पोरगं म्हणते रिचार्ज संपला. कोणी वाईट नाही हो, सगळ्याईच्या गरजा खऱ्याच आहेत. पण आधी मले पिठाच्या डब्यासाठी घरात कोणाशी भांडा लागत नव्हतं.

पनवेल

माझ्या मावशीचं सांगते. नवऱ्याने टाकून वीसेक वर्षं झाली, चार घरची धुणीभांडी करते. लाडकी बहीणचे १५०० सुरू झाले तेव्हा तिने पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांसाठी चष्मा केला. मग सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी आली. स्वतःचा आधार टाकला, ओटीपी टाकला, झालं वाटलं तर पुढच्या पानावर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर, आणि त्याच्या मोबाईलवर ओटीपी. वडील कधीच गेले. घटस्फोट झालेला नाही कारण कोर्टाला पैसे कुठून आणणार, त्यामुळे दाखवायला कागद नाही. विधवा आणि घटस्फोटितांसाठी नंतर कागदपत्रांचा मार्ग काढला, पण ही ना धड तिकडे ना इकडे.

शेवटी तिच्या दिराकडून नवऱ्याचा नंबर मिळवून मीच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, देतो की ओटीपी, पण त्यातले महिन्याला पाचशे माझे. मावशीने माझ्या हातातून फोन घेतला आणि कट केला. मला म्हणाली, "चल, मला दुपारच्या कामाला जायचंय."

अंगणवाडी सेविका

पनवेलच्या ताई, तुमच्या मावशीसारख्या आमच्या वस्तीत बऱ्याच आहेत आणि त्या सगळ्या माझ्याच दारात येतात, कारण २०२४ ला फॉर्म मीच भरले होते. एका फॉर्मला ५० रुपये देणार होते, त्याचीही वाट बघायला लावली. रेंज नाही म्हणून रात्री गच्चीवर बसून भरलेत. नंतर २०२५ मध्ये कुणाच्या दारात चारचाकी आहे ते बघायलाही आम्हालाच पाठवलं. ज्या बाईचा फॉर्म मी हाताने भरला तिच्याच अंगणात जाऊन मी गाडी शोधायची! एकीच्या दिराने हप्त्यावर जुनी ओम्नी घेतलीय, रेशनकार्ड सगळ्यांचं एकच. ती बाई त्या ओम्नीत कधी बसली पण नसेल. मी काय लिहायचं?

आणि हे आत्ताचं नाही. २०१५ च्या केंद्राच्या बजेटमध्ये आयसीडीएसचा, म्हणजे आमच्या अंगणवाडी योजनेचा पैसा निम्म्याहून कमी केला आणि म्हणाले आता राज्यं बघतील. आमच्या मानधनासाठी डिसेंबर २०२३ ला संपावर गेलो तेव्हा सेविकेला १०,०००, मदतनीसला ५,५०० होते. आझाद मैदानावर थंडीत बसलो. गावात लोक म्हणायचे पोरांचा आहार बंद पाडला यांनी. बरं वाटलं एका अर्थी, निदान आहार कोण देतं ते तरी कळलं.

पुणे, आयटी

अनुभव नाही, मत आहे, चालेल का? राज्यावर कर्ज ९ लाख कोटींच्या पुढे गेलंय. कुठेतरी हात आखडावाच लागणार ना. आमच्या सोसायटीत फ्लॅट असलेल्या बायकांनीही १५०० घेतलेत, मी स्वतः बघितलंय. अपात्रांना वगळणं म्हणजे कपात कशी?

धागाकर्ती

चालेल, पण मग उत्तरही ऐका. फ्लॅटवाल्यांना वगळा, कुणाची हरकत नाही. पण चाळणी नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीआधी का नाही लावली? तेव्हा येईल तो फॉर्म मंजूर आणि नंतर २६ लाख नावं संशयित. आणि २०२५-२६ च्या बजेटमध्ये ३६ हजार कोटी ठेवल्यावर तेवढा पैसा आणला कुठून, तर सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्याचा निधी वळवला, त्यावर खुद्द खात्याचे मंत्रीच चिडले होते. म्हणजे एका बाईला द्यायचे ते दुसरीच्या ताटातून. असो, मीच नियम केला होता पक्षांवर बोलायचं नाही म्हणून, थांबते.

विद्यार्थिनी, एमएससी

दुसरीचं ताट म्हणालात म्हणून लिहिते. मी स्वाधारवर शिकते, ती सामाजिक न्याय खात्याचीच योजना. सरकारी होस्टेलला नंबर लागला नाही की खोली आणि जेवणाचे पैसे स्वाधारमधून मिळतात, म्हणजे मिळायला पाहिजेत. पैसे नक्की का रखडले ते आम्हाला कुणी सांगत नाही, "वरून आले नाहीत" एवढंच. तोपर्यंत मी आणि रूममेट मेसचा एक डबा दोघीत खातो, दुपारी पोळी-भाजी आणि रात्रीला भात ठेवतो. मेसवाल्या काकू ओळखून आहेत, भात दाबून भरतात आणि वर म्हणतात "आज उरला होता". त्यांचीही उधारी आमच्यासारख्या मुलींवर किती असेल कोण जाणे. घरी मी सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर भाऊ म्हणेल परत ये.

शिवभोजन केंद्र चालवणारी

मेसवाल्या काकूंचं दुखणं मला विचारा. आमचा बचत गट शहरात केंद्र चालवतो. गिऱ्हाईक १० रुपये देतं, वरचे ४० सरकार देतं, गावाकडे २५. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. २०२० ला ५० रुपयांत भागत होतं, तेलाचे भाव तेव्हाचे आठवून बघा. भाव वाढले, थाळीचा दर हलला नाही, आणि आता तर तो दरही वेळेवर मिळेना, बिलं कित्येक महिने अडकलेली. गॅसवाला थांबतो का? मग आम्ही काय केलं, आधी भाजीत बटाटा वाढवला, मग दोघींना घरी बसवलं, त्यातली एक विधवा आहे. मी स्वतः काही घेत नाही सध्या.

एक म्हातारी रोज येते, थाळी घेते, भात-वरण खाते आणि दोन्ही पोळ्या पदराखाली लपवते. पार्सल द्यायला परवानगी नाही. मी त्या वेळेला कॅमेऱ्याच्या मध्ये उभी राहते, बस.

सातारा

छोटंसं माझं. आनंदाचा शिधा, २०२२ च्या दिवाळीला सुरू झालेला, शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर, तेल. २०२५ ला गणपतीलाही नाही, दिवाळीलाही नाही. सासूबाई म्हणाल्या बरं झालं, त्या तेलाला वास यायचा. खरंय, यायचा. पण शंभरात करंज्या आणि बेसनाचे लाडू दोन्ही व्हायचे. त्या दिवाळीला करंज्या केल्या, लाडू नाही, आणि वासाची तक्रार करणाऱ्यांनीच लाडू कुठेत म्हणून विचारलं.

इंग्लंडमधून

विषयांतर वाटेल, पण लिहू का? नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले. माझ्या व्हिसावर लिहिलेलं आहे की सरकारी मदतीवर माझा हक्क नाही, त्यामुळे भत्ते वगैरेचा प्रश्नच नव्हता. पण गल्लीच्या टोकाला लहान मुलांचं केंद्र होतं, शुअर स्टार्ट नावाच्या सरकारी योजनेच्या काळातलं, तिथे कुणीही बाळाला घेऊन फुकट बसावं. बाळंतपणानंतर, आई इकडे येऊ शकली नाही तेव्हा, मला माणसं दिसायची ती तिथेच. २०१० नंतर इथल्या सरकारने स्थानिक कौन्सिलांचे पैसे कापत नेले आणि अशी शेकडो केंद्रं गेली, आमचंही गेलं. आता बोर्ड आहे, आत कुणाचं तरी ऑफिस आहे. दुसरं केंद्र दोन बस बदलून. बाबागाडी, पाऊस आणि दोन बस, तर मी जायचंच सोडलं. पुढचं वर्ष कसं गेलं ते इथे नको. एका सोमाली बाईची तिथे ओळख झाली होती, तीच नंतर माझ्याकडे यायची, भाषा धड जुळत नव्हती तरी.

वाशिमकडची

इंग्लंडवाल्या ताई, तिकडं बी नवऱ्याचा ओटीपी लागते का?

इंग्लंडमधून

नवऱ्याचा नाही लागत 😄 पण फोन लावला की पाऊण तास पेटीवादन ऐकवतात आणि मग लाईन कट.

वाशिमकडची

मंग आमचं तालुक्याचं ऑफिस बरं. तिथं कोणी फोनच नाही उचलत.