मदत हवी आहे: 4 मिलिमीटरचा काळा पाणभुंगेरा ‘रेजिंबार्टिया’च आहे, हे त्याला न मारता ठरवता येईल का?

नमस्कार,

एका उथळ तळ्यातील पाणवनस्पती जाळीने उचलून पाहताना मला सात लहान पाणभुंगेरे मिळाले. ते रेजिंबार्टिया या प्रजातीचे (genus) असावेत असा माझा कयास आहे. मात्र एकही कीटक न मारता तो पक्का कसा करावा, याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

कुळ हायड्रोफिलिडी आहे, याविषयी मला शंका नाही. हवा घेण्यासाठी हे भुंगेरे डोक्याकडची बाजू पृष्ठभागाला लावतात आणि टोकाशी फुगीर असलेल्या आखूड शृंगिकांच्या (डोक्यावरच्या मिशांच्या) आधारे हवेचा थर पोटाखाली ओढून घेतात. डायटिस्किडी कुळातील शिकारी पाणभुंगेरे याउलट शरीराचे मागचे टोक वर आणतात. पोहतानाही मला मिळालेल्या भुंगेऱ्यांचे पाय एकाआड एक हलतात.

घोडे अडले आहे ते प्रजातीपाशी. रंग चकचकीत काळा, पाठ चांगलीच फुगीर आणि शरीर मागे निमुळते होत गेलेले, यावरून मला रेजिंबार्टिया सुचली. याच कुळातील इतर प्रजातींपैकी बेरोसस बहुधा पिवळट-तपकिरी असतो आणि स्टर्नोलोफस आकाराने बराच मोठा, म्हणून ते दोन्ही मी बाजूला ठेवले. उरतो ॲम्फिओप्स. तोही लहान आणि फुगीर असतो, पण त्याचा प्रत्येक डोळा वरचा व खालचा अशा दोन भागांत पूर्णपणे विभागलेला असतो. माझ्या छायाचित्रांत डोळ्यावर एक आडवी रेघ दिसते खरी, परंतु ती डोळा दुभागणारी रेघ आहे की ओल्या डोळ्यावर पडलेले दिव्याचे प्रतिबिंब, हे काही केल्या उमगत नाही.

भुंगेरा बेडकाला खाऊ घालून पाहण्याचा सल्ला कृपया कोणी देऊ नये! जपानमधील कोबे विद्यापीठाच्या शिंजी सुगिउरा यांनी 2020 मध्ये दाखवून दिले की, बेडकाने गिळलेल्या, याच प्रजातीतील रेजिंबार्टिया ॲटेन्युएटा जातीच्या भुंगेऱ्यांपैकी 90 टक्क्यांहून अधिक भुंगेरे 6 तासांच्या आत त्याच्या गुदद्वारातून जिवंत बाहेर पडले, आणि सर्वांत चपळ भुंगेऱ्याला त्यासाठी अवघी 6 मिनिटे लागली. मेणाने पाय जखडलेला एकही भुंगेरा मात्र वाचला नाही, म्हणजे ही सुटका पायांच्या बळावरच होते. या प्रयोगामुळेच मला या प्रजातीची ओढ लागली, हे कबूल करतो. पण सुटका झाली म्हणून ओळख पटली, असे काही म्हणता येणार नाही.

माझे प्रश्न दोनच आहेत. डोळ्याची रचना स्पष्ट दिसावी यासाठी भुंगेरा ओलसर टिपकागदावर ठेवून बाजूने छायाचित्र घेणे पुरेसे ठरेल का, आणि त्यासाठी प्रकाश कोणत्या दिशेने द्यावा? तसेच, डोळे अखंड निघाले तर तेवढ्यावर रेजिंबार्टिया म्हणता येईल, की पोटाकडील बाजूही पाहावीच लागेल? भुंगेरे सध्या तळ्याच्याच पाण्यात, शेवाळासह झाकलेल्या काचपात्रात ठेवले असून उत्तर मिळताच छायाचित्रे काढून त्यांना परत सोडण्याचा विचार आहे.