मदत हवी आहे: सीडी प्लेअरची मोटर फिरत नाही

गिरगावकर७७:
सीडी टाकली की आतून दोन-तीनदा टकटक होते आणि 'नो डिस्क'. मोटर फिरतच नाही. लॅमिंग्टन रोडला मोटर केवढ्याला मिळेल? गणपतीआधी चालू करायचाय, लवकर सांगा.

सोल्डरवाला:
मोटरवर इतक्यात पैसे घालू नका. आधी लेसर लागतो, मग लेन्स वर-खाली होऊन फोकस शोधते. परतीचा प्रकाश चार भागांच्या सेन्सरवर पडतो: समोरासमोरच्या दोन जोड्यांची बेरीज सारखी आली की फोकस जमला. तो जमेपर्यंत बहुतेक प्लेअर मोटर फिरवतच नाहीत. मॉडेल कोणतं, हेड (लेसर आणि लेन्स असलेला भाग) कोणतं? झाकण उघडून झाकणाचा स्विच दाबून धरा आणि बाजूने बघा, लेन्स हलते का, फिका लाल ठिपका दिसतो का. वरून डोळा लावू नका. लेसर ७८० नॅनोमीटरचा, दिसतो त्याहून बराच जोरदार असतो.

पेनड्राइव्हवाला:
कशाला हा खटाटोप? गाणी पेनड्राइव्हवर घ्या.

चकाचक:
सीडीला टूथपेस्ट चोळा. आतून बाहेर, गोल नाही.

सोल्डरवाला:
@चकाचक, सीडी फिरतच नाहीये, ओरखड्यांचा संबंध काय?

पॉटफिरव्या:
हेडवरचा छोटा पॉट, म्हणजे लेसरचा करंट कमी-जास्त करणारा स्क्रू, पाव फेरा फिरवा. हमखास चालतो.

सोल्डरवाला:
चार दिवस चालतो. करंट वाढून लेसर कायमचा जातो. मीटर लावल्याशिवाय पॉटला हात नको.

पॉटफिरव्या:
म्हातारा लेसर तसाही जाणारच असतो.

गिरगावकर७७:
भांडू नका हो. लेन्स हलते, ठिपका अजिबात नाही. पण हेड खराब असणं शक्य नाही, मागच्याच आठवड्यात नवीन केएसएस-२१३ टाकलंय.

सोल्डरवाला:
हे पहिल्याच ओळीत सांगायचं ना! नव्या हेडच्या छोट्या बोर्डवर सोल्डरचा एक ठिपका दोन पॅड जोडून ठेवतो, स्थिर विजेने लेसर जाऊ नये म्हणून. तो काढला नाही तर लेन्स हलते, लेसर लागत नाही. प्लेअरचा प्लग काढा, अंगातली स्थिर वीज उतरवा, आधी पट्टी केबल कनेक्टरमध्ये घाला आणि मगच डिसोल्डरिंग विकने (सोल्डर शोषून घेणारी तांब्याची वेणी) तो सोल्डरचा ठिपका उचला. सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदच टेकवा.

गिरगावकर७७:
लागला!! पण शेवटची दोन गाणी उड्या मारतात.

सोल्डरवाला:
सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे शेवटची गाणी कडेला. ट्रॅकमधलं अंतर १.६ मायक्रॉन. लेन्सची कॉइल बारीक हालचाल सांभाळते, पुढे सगळं हेडच स्लेड मोटर सरकवते. रुळावर जुनं ग्रीस चिकट झालं की हेड अडतं. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पांढरं ग्रीस अगदी थोडं लावा. प्लेअर बंद असताना गिअर बोटाने फिरवून बघा, हेड कडेपर्यंत सहज जायला हवं.

चकाचक:
लेन्सला ॲसिटोन लावा, लखलखीत होते.

सोल्डरवाला:
प्लॅस्टिकची लेन्स आहे, पांढरी पडेल! @गिरगावकर७७, सीडी विकतची आहे की घरी लिहिलेली?