मदत हवी आहे: केए × केबी = केडब्ल्यू वापरूनही उत्तर चुकतंय, उद्या टेस्ट आहे

जुळेसोलापूर_बारावी
तासभर एकाच गणितावर अडकलेय. केए (आम्लाचा स्थिरांक) दिलाय, केडब्ल्यू (पाण्याचा) १०^-१४ आहेच. भागाकार करून केबी (बेसचा) काढला, त्यावरून क्षाराच्या द्रावणाचा पीएच. माझं उत्तर ९.७, पुस्तकामागे ११.७. कॅल्सीवर तीनदा केलं. छपाईची चूक आहे का? लवकर सांगा, लाइट दोनदा जाऊन आलीय.

पार्कचौकातला
क्षार कोणता? किती मोलर? केए कशाचा?

जुळेसोलापूर_बारावी
०.१ मोलर. सोडियमचा क्षार आहे. केए दिलाय म्हटलं ना.

पार्कचौकातला
सोडियमचा क्षार काय एकच असतो का? गणित जसंच्या तसं टाक की.

क्रॅशकोर्स_भाऊ
एवढं कशाला. दुर्बल आम्लाचा कॉन्ज्युगेट बेस (एच⁺ गेल्यावर उरणारा जोडीदार) तीव्र असतो, पाठ कर. तीव्र म्हणजे पीएच ११च्या पुढे. पुस्तक बरोबर.

निवृत्त_मास्तर
भाऊ, पोरांना हे शिकवू नका. अ‍ॅसिटिक आम्लाचा केए १.८ × १०^-५, म्हणजे अ‍ॅसिटेटचा केबी ५.६ × १०^-१०. याला तीव्र म्हणायचं? दुर्बलाचा जोडीदार बहुतेक वेळा दुर्बलच असतो. आम्ल जितकं दुबळं तितका बेस थोडा जास्त जोरकस, एवढंच.

क्रॅशकोर्स_भाऊ
मास्तर, एमसीक्यूत तेवढं चालतं.

डायहाऊसकाका
सोडा अ‍ॅश, म्हणजे धुण्याचा सोडा, आहे का गं? असेल तर ९.७ विसर. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या सुतावर रिअ‍ॅक्टिव्ह रंग बसवताना आम्ही सोडाच घालतो. पीएच पट्टी बुडवली की निळीजांभळी, अकराच्या आसपास. पीएच कमी पडला तर रंग नीट बसत नाही, पहिल्याच धुण्यात बादली लाल. एकदा पोरानं सोड्याऐवजी मीठ दोनदा घातलं, अख्खा लॉट फिका निघाला. मालकानं महिनाभर ऐकवलं.

जुळेसोलापूर_बारावी
हो, सोडियम कार्बोनेटच! तक्त्यात कार्बोनिक आम्लाचे दोन केए आहेत, ४.३ × १०^-७ आणि ४.७ × १०^-११. मी पहिला घेतला. आम्ल तेच आहे ना?

निवृत्त_मास्तर
सापडलं! बाळा, सूत्र जोडीचं आहे, आणि जोडीत फरक एकाच एच⁺चा. कार्बोनेटनं एक एच⁺ घेतला की बायकार्बोनेट होतं, कार्बोनिक आम्ल नव्हे. म्हणून कार्बोनेटचा जोडीदार बायकार्बोनेट आणि त्याचा केए दुसरा. तू काढलेला २.३ × १०^-८ हा बायकार्बोनेटचा केबी आहे.

सूत्र येतं कुठून तेही बघ. बायकार्बोनेट एच⁺ सोडून कार्बोनेट होतं, ही एक अभिक्रिया. कार्बोनेट पाण्याकडून एच⁺ घेऊन परत बायकार्बोनेट होतं आणि ओएच⁻ सुटतो, ही दुसरी. बेरीज केलीस की दोन्ही कार्बोनेटवाले उडतात, उरतं फक्त पाण्याचं एच⁺ आणि ओएच⁻ होणं. अभिक्रियांची बेरीज म्हणजे स्थिरांकांचा गुणाकार, म्हणून केडब्ल्यू. जोडी चुकली की काही उडतच नाही.

आता १०^-१४ भागिले ४.७ × १०^-११.

उन्हाळी_सोलापूरकर
पण १०^-१४ हा २५ अंशांचा आकडा आहे! आपल्याकडे एप्रिलमध्ये २५ अंश कुठं असतात? ४० अंशांना पीकेडब्ल्यू (केडब्ल्यूचा ऋण लॉग, २५ ला १४) साधारण १३.५. म्हणजे शुद्ध पाण्याचाच पीएच ६.८च्या आत.

क्रॅशकोर्स_भाऊ
म्हणजे उन्हाळ्यात सोलापूरचं पाणी आम्लधर्मी का बे? 😂

उन्हाळी_सोलापूरकर
नाही हो. एच⁺ वाढला तेवढाच ओएच⁻ही वाढला, पाणी उदासीनच. फक्त मधला आकडा सातवरून सरकला.

डायहाऊसकाका
आमचा रंग ६० अंशांना बसतो, तिथं तर आणखी सरकत असणार. तरी पट्टी निळीच.

गृहिणी_दक्षिणकसबा
खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा वेगळे असतात, मुलांनो. भज्यात चिमूटभर खायचाच घाला, धुण्याचा नको.

पार्कचौकातला
काकू, इथं भजी कुणी तळतंय का? (असतील तर पत्ता द्या.)

जुळेसोलापूर_बारावी
केबी २.१ × १०^-४, त्याला ०.१ नं गुणून वर्गमूळ म्हणजे ओएच⁻ ४.६ × १०^-३, पीओएच २.३४, १४ मधून वजा करून पीएच ११.६६. आलं! टेस्टमध्ये तापमान दिलं नसेल तर २५च धरू ना?

निवृत्त_मास्तर
२५च. झोप आता.